मधल्या बुरुजावरची कढई

"मदरसा बंद, तोफा चालू! असली कसली सुट्टी?" मेंढीच्या घोट्याची हाडं खिशात खुळखुळवत तोख्ता कुरकुरला.

"रडू नको. चल, खेळायला जागा शोधू," सादत म्हणाली.

झारच्या फौजेने अक्कुर्गान शहराला वेढा घातला होता.

विणकरआळीची तटभिंत, वर पहारेकरी: "पळा रे कार्ट्यांनो!"

कुंभारआळीची भिंत: "तंगडी मोडीन!"

मधला बुरूज:

सादतने डाव मांडला आणि हात तसाच थांबला. "तोख्ता, इथून आपल्याला कुणी हाकललं कसं नाही?"

"कारण इथे कुणी नाहीच!"

ती फटीतून वाकली. कोरड्या खंदकात दोन गोरे शिपाई दोरीने बुरुजाची उंची मोजत होते. शेजारी शिड्या! आणि बुरुजाला टेकूनच सादतचं घर. पाळण्यात तिचा धाकटा भाऊ.

ती धावली.

विणकरांचे म्होरके नियाझआका चहा फुंकत म्हणाले, "बुरूज कुंभारांचा. माझी माणसं का देऊ?"

कुंभारांचे म्होरके एर्गशआका म्हणाले, "बुरूज विणकरांचा!" आणि त्यांनीही चहा फुंकला.

सादतची कानशिलं तापली. "ते परके एका दोरीची दोन टोकं धरतात, आणि आपले हे...! तोख्ता, तुमची फुटकी कढई आण!"

अक्कुर्गानात ज्याची चूल, त्याची जागा. बुरुजावर धूर निघाला.

"नियाझआका, कुंभारांनी बुरुजावर कढई चढवली!" सादत विणकरआळीत ओरडली.

"एर्गशआका, विणकरांनी चढवली!" तोख्ता कुंभारआळीत.

काय धावले सगळे! बुरूज राखायला एक माणूस मिळत नव्हता, बळकावायला अख्ख्या आळ्या आल्या!

"उचल तुझी कढई!"

"माझी? माझी असती तर फुटकी असती होय?"

"आका, आधी खाली बघा!" सादत किंचाळली.

शिडीवरून पहिली टोपी वर येत होती.

भांडण जागीच विरलं. विणकरांनी शिड्या ढकलल्या, कुंभारांनी विटा फेकल्या. शिपाई खंदकातून पळत सुटले.

"शाबास पोरी! वाघीण आहेस!" नियाझआका म्हणाले.

"आमच्यामुळेच वाचलो आपण सगळे!" एर्गशआका म्हणाले.

"शाबासकी ठेवा तुमच्याकडे!" सादतचे डोळे भरून आले होते. "उद्या इथे कोण उभं राहणार? हुकूम कुणाचा?"

"माझा!" दोघे म्होरके एकदमच म्हणाले.

"बघा, परत तेच!" तोख्ता ओरडला.

एर्गशआकांनी मान खाली घातली. "हुकूम नियाझचा," ते पुटपुटले. "कढई माझी. चांगली."

दुसऱ्या दिवशी दोघं हाडं घेऊन बुरूज चढली. कढईत भात शिजत होता. एक विणकर, एक कुंभार फटींशी उभे होते. दोघे एकदमच खेकसले,

"पळा रे कार्ट्यांनो!"

सादत उड्या मारतच पळाली.