बॉनेटवरची थाप

जयदीप, तो मोबाईल उलटा ठेव. मिनल, तूही. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर जा जेवायला. ही ऐकीव गोष्ट नाही. आपल्या कुरुळीतल्या कोंडाजीची आहे, माझ्यापासून तिसरं घर त्याचं.

कोंडाजीची पिकअप आहे, कारखान्यांचा माल ने-आण करतो. बायको यशोदाबाई एका वर्कशॉपात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होती. तिथंच तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं. मूलबाळ नाही. भिंगरी नावाचं एक मांजर, तिचे लाड पोटच्या पोरीसारखे. थंडीत भिंगरी पिकअपच्या इंजिनात शिरून झोपायची, ऊब असते ना. म्हणून रोज पहाटे कोंडाजीनं किल्ली फिरवण्याआधी यशोदाबाई बॉनेटवर दोन थापा मारायची. "ऊठ गं बाय, मालक निघालं."

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर यशोदाबाई गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत सगळं आटोपलं.

त्याच थंडीत, पौषात एका पहाटे कोंडाजीनं गाडी चालू केली. थाप मारायची राहिली. ते त्याचं काम कधी नव्हतंच हो. आतून अशी किंकाळी आली की मी अंथरुणात उठून बसलो. भिंगरीचा मागचा पाय इंजिनाच्या पट्ट्यात सापडला होता.

डॉक्टरांनी पाय शिवला. म्हणाले, "दर सहा तासांनी औषध. रात्री दोनचा डोस चुकवू नका, ताप चढला तर जाईल ही." कोंडाजी आठ दिवस घरातून हलला नाही. खोक्यात यशोदाबाईचं जुनं लुगडं अंथरलं. सिरिंजनं औषध, मग पातळ पेज. मी म्हटलं, "अरे, धंदा बुडवतोस का मांजरापायी?"

"तिची येवढीच खूण उरली हाय," तो म्हणाला. "ती बी माझ्या हातानं जायला नगं."

नवव्या दिवशी, गुरुवारी रात्री नऊला फोन आला. आकुर्डीला पार्ट पोचवायचे होते, दुसरी गाडी नव्हती. बारापर्यंत येतो म्हणून घराला कुलूप लावून निघाला. परतताना हायवेवर कंटेनर आडवा झालेला. मागं-पुढं गाड्याच गाड्या. दोन वाजले. अडीच. गडी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला, हे त्यानंच मला सांगितलं.

साडेचारला कुलूप काढलं. भिंगरी शांत झोपलेली. ताप उतरलेला. बाटलीतलं औषध एका डोसानं कमी. आणि सिरिंज स्वच्छ धुऊन वाटीवर आडवी ठेवलेली. यशोदाबाई चमचे तसेच ठेवायची.

मला सांगायला आला तेव्हा तो घाबरला नव्हता. "ती आली रं," म्हणाला, "आन् म्या घरी नव्हतो."

शुक्रवारी रात्री दिवा मालवून बसला. भरलेली सिरिंज खोक्याजवळ ठेवली.

दोन वाजले.

काही नाही.

मग भिंगरीनं मान वर केली. अंधारात कुणाकडं तरी बघून घुरघुरायला लागली...

"यशोदे?"

भिंगरी गप्प झाली.

"एकदा तोंड दाखव गं. थाप मारायची इसरलो... चुकलो..."

सिरिंज भरलेलीच होती. तो घरी होता ना आज. पाजायला तो होता. डोळे पुसत त्यानंच औषध पाजलं.

आणि बाहेर... बॉनेटवर थाप.

एक.

दोन.

धावत गेला. गल्ली रिकामी. कुत्रंसुद्धा नाही.

सकाळी त्यानं मला बोलावलं. बॉनेटवरच्या धुळीत पंजा उमटला होता. लहान, बाईमाणसाचा. मधलं बोट अर्धं.

भिंगरी वाचली. लंगडते, पण उंदीर सोडत नाही. आता रोज पहाटे कोंडाजी स्वतः दोन थापा मारतो, मगच किल्ली फिरवतो. पंजा पुढं पावसात धुऊन गेला. लहान पोरासारखा रडला त्या दिवशी.

पण अजूनही पहाटे, सगळा पत्रा गार पडलेला असतो तेव्हा, तेवढी जागा कोमट लागते. मला त्यानं हात धरून नेलं होतं. मी तळवा टेकवला. तळव्याला ऊब लागली, बोटांना लागली...

मधलं बोट मात्र अर्ध्यापासून पुढं गार.