ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात

आईची दाढ काढून घ्यायला राई गावाहून आलेला गुणवंत रुचिताच्या एका वाक्याला खळखळून हसला... आणि लगेच त्यानं तोंडावर रुमाल धरला. तेवढ्यात तिला दिसायचं ते दिसलं. पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे, मध्येच तपकिरी डाग.

भाईंदर पूर्वेच्या त्या दवाखान्यात रुचिता डॉक्टर संपदांची मदतनीस होती. मनात आलेलं ओठांआड ठेवणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"हे जातात हां," ती म्हणाली.

"एक डाक्टर बोलला व्हता, दात घासून वर टोप्या बसवू. मी न्हाय म्हटलं."

"घाबरलात?"

"मी बँडात ट्रम्पेट वाजवतो. व्हट याच दातांवर टेकतान. दात बदलला का सूर बदलला."

"पण आमच्या मॅडम दात कोरतच नाहीत! वरचं कवच लहानपणी कच्चं राहिलंय, तेवढंच भरतात. मी बघितलंय."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तुमी बघितलंय ना? मंग करतो."

पुढच्या आठवड्यात तो खुर्चीत होता. निळ्या रबरानं ओठ, हिरड्या झाकलेल्या. बाहेर फक्त दात, आणि वर दोन डोळे – रुचितावर खिळलेले.

"छताकडे बघा," ती पुटपुटली.

"अं-अं."

डॉक्टर संपदांनी मास्कमागे हसू दाबलं. त्यांनी डागांवर जेल लावलं, धुतलं, दात कोरडे केले. मग पाण्यासारखं पातळ रेझिन थेंबाथेंबानं सोडलं. ते आत झिरपत गेलं, तसतसा पांढरा डाग पुसट होत होत... मावळला. ना सुई, ना ड्रिल. रुचितानं हे कितीदा पाहिलं होतं, तरी आज ती वाकून बघत राहिली. काय हात होता मॅडमचा!

"कडेला एक पुसट डाग राहील," रबर काढत डॉक्टर म्हणाल्या. "बाकी दात तुमचा, जसाच्या तसा."

गुणवंतनं आरसा घेतलाच नाही. पिशवीतून ट्रम्पेट काढलं, ओठांना लावलं – फुस्स! नुसती हवा.

रुचिताचा चेहरा उतरला. आपल्या शब्दावर विश्वासला हा, आणि आपण...

"ओठ इतका वेळ ताणलेले होते. दमानं घ्या," डॉक्टर म्हणाल्या.

तो पाणी प्यायला. ओठ चोळले. डोळे मिटले आणि पुन्हा फुंकर घातली. गोल, भरलेला, लखलखीत सूर दवाखानाभर घुमला. बाहेर बाकावरच्या आजी दचकल्या, "अगो बाई, वरात आली की काय!"

गुणवंत हसला. रुमालाशिवाय. रुचिताला खुर्चीवरचा दिवा बंद करायचंही सुचेना.

संध्याकाळी ती जिना उतरली, तर तो खाली उभा.

"आईची दुसरी दाढ?"

"तिला काय बी न्हाय झालं. मना... तुमच्याशी बोलायचं हाय."

"मग बोला की."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. त्याचे कान लाल झाले होते.

"बरं, मीच बोलते," रुचिता म्हणाली. "मला तुम्ही आवडता. डागांसकट आवडला होतात, पहिल्याच दिवशी. आणि आज चहा प्यायचा नाही, दातांवर रंग बसतो."

तो हळूच म्हणाला, "मंग चहाला कसं नेऊ तुला?"

तुला! रुचितानं ओढणी सावरली.

"लस्सी चालते," ती म्हणाली, आणि घराच्या उलट्या दिशेला वळली.