न आलेली दहावी बाटली

मंगरूळपीरसारख्या गावात खाजगी गुप्तहेराला काम ते काय असणार, असं लोक विचारत. खरं सांगायचं तर मारोतराव सरनाईक स्वतःही कधीमधी तेच विचारत. नागपूरला पोलिसांच्या हस्ताक्षर तपासणीत एकवीस वर्षं काढून ते गावी परतले, बसस्टँडमागच्या दौलतराव शिंप्याच्या दुकानावरची खोली घेतली आणि 'खाजगी तपास' अशी पत्र्याची पाटी ठोकली. दर केसला दौलतराव मशीन बंद करून वर येत. मदत करायला, असं ते म्हणत.

१९७६ च्या डिसेंबरातली बावीस तारीख. शाळा सुटल्यावर वच्छला तायडे जिना चढून वर आली. मुलींच्या शाळेतल्या या मास्तरीणबाईला गावात सगळेच ओळखत. तिनं पिशवीतून एकेक करून नऊ रिकाम्या बाटल्या टेबलावर मांडल्या, शेजारी पार्सलांच्या कापडांची घडी ठेवली आणि मगच खुर्चीत बसली.

"ग्यानबा गवई जिता हाये का नाई, येवढंच मले सांगा," ती म्हणाली. "पन रविवारच्या आत."

"रविवारी काय हाये?" मारोतरावांनी विचारलं.

"रिसोडचे पाहुने येऊन राह्यले. मास्तरच हायेत, बायको वारली त्याइची. मानूस भला हाये. पन ग्यानबा जिता असन तं मी कुठंच जानार नाई. नसन, तं मले ते समजाले पायजे."

हकिगत अशी होती. दहा वर्षांपूर्वी तिची ग्यानबाशी सोयरीक जुळली. तो मुंबईला चेहऱ्याला लावायची औषधं करणाऱ्या एका कारखान्यात लागला. खोली मिळाली की लग्न, असं ठरलं. सदुसष्टच्या डिसेंबरात त्यानं दादरहून पहिली बाटली पाठवली. सोबत चिठ्ठी होती: थंडीत तुझे गाल उलतात, हे लावत जा. बाटलीवर छापलं होतं, 'नवकांती. कोरड्या चेहऱ्यासाठी व बारीक रेषांसाठी.'

"तवा मी चोवीस वर्षांची होती. रेषा कुठच्या?" वच्छला जरा हसली. "आता रेषा हायेत अन् बाटली नाई."

अडुसष्टच्या दिवाळीपर्यंत त्याची पत्रं आली. त्यानंतर चिठ्ठी कधीच आली नाही, तिच्या पत्रांना उत्तरही नाही. बाटली मात्र दर डिसेंबरात आली, सहा नाहीतर सात तारखेचा दादरचा शिक्का घेऊन. यंदा पहिल्यांदाच ती आली नव्हती.

"चिठ्ठी नाई, तरी तुमी थांबल्या?" मारोतराव म्हणाले.

"त्याची माय, गोजरामावशी, दरसाल सहा डिसेंबरले चैत्यभूमीवर जाते. तिथं भेटते तो तिले. बरा हाये, खोली पाहून राह्यला, असं ती येऊन सांगते. त्र्याहत्तरले मीबी गेलती तिच्यासंगं. दोन दिवस गर्दीतलं एकेक तोंड पाह्यलं. मावशी तेवढी घंटाभर पानी आनाले गेलती, मी जागची हालली नाई. नाई दिसला. अन् घरी आली तं मांगून बाटली आली. मंजे तो होता तिथंच."

त्या दोन दिवसांची तिला अजून हळहळ होती.

इकडे दौलतरावांनी कापडांची घडी उलगडली होती. शिंप्याच्या हातात कापड आलं की त्याला राहवत नाही.

"मारोतराव, हे पयलं पाहा. वाकडेतिकडे टाके, अन् ह्या येवढाल्या गाठी. गड्याचं काम! अन् बाकीचे आठ? बारीक, एकसारखा टाका. गाठ तं कुठंच नाई, दोऱ्याचं टोक आतच दडवलं. हे बाईच्या हातचं हाये. मंजे त्याच्या घरात बाई..."

दौलतरावांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. वच्छलेचा चेहरा पार उतरला.

मारोतरावांचं भिंग आता पत्त्यांवरून फिरत होतं. "पयला पत्ता ग्यानबाच्या हातचा?"

"हो."

"बाकीचे आठ पत्ते आठ जनांनी लिवले."

"कामाच्या घाईत असन. दुसऱ्याकडून लिवून घेत असन," ती पटकन म्हणाली. त्याची बाजू घ्यायची तिला सवयच झाली होती.

"अन् मागल्या सालची बाटली कशी होती?"

वच्छला जरा घुटमळली. "पिवळी पडली होती. खवट वास येत होता. तरी लावली मी. बोट बोट करून सालभर पुरवली."

दुसऱ्या दिवशी दोघं पंचायत समितीत गेले. वच्छलेचा भाऊ जानराव तिथं कारकून होता. बहिणीनं हो म्हणावं म्हणून यानंच यंदाचं पार्सल दाबलं असणार, असा दौलतरावांचा पक्का अंदाज होता, आणि तो त्यांनी रस्ताभर तीनदा सांगितला.

"लपवाचंच असतं तं आठ वर्षं काहून थांबलो असतो?" जानराव तडकला. "माही बहीन दर रविवारी त्या म्हातारीकडं जाते. पानी भरते, कपडे धुते. लग्न नाई अन् सून होऊन बसली. त्यानं तिकडं दुसरं घर केलं असन, हे साऱ्या गावाले दिसते, हिलेच दिसत नाई."

"यंदा म्हातारीची अन् त्याची भेट झाली का?"

"कायची भेट? गेलीच नाई ती यंदा. सारे गेलो आमी, ही मने गुडघे दुखते. परत आलो तं बजारात चांगली फिरून राह्यली होती."

तिथून दोघं बाजारपेठेत प्रेमसिंगच्या दुकानी आले. बांगड्या, फणी, स्नो, पावडर, सगळं त्याच्याकडे मिळे. मारोतरावांनी एक रिकामी बाटली पुढे ठेवली आणि थंडीत चेहऱ्याला काय घ्यावं ते विचारलं.

प्रेमसिंग रंगात आला. "असं पाहा, कातडीले पयले पानी पायजे. त्याले हे ग्लिसरीन, पन नुसतं नाई, गुलाबपान्यात. कोरड्या हवेत नुसतं लावलं तं आग होते. डोयाखालच्या रेषांले बदामाचं तेल, दोनच थेंब. तोंड धुतलं की ओल्यावरच लावाचं. स्नो नका घेऊ, दिसाले गोरं अन् घडीभरात तडतड." मग त्यानं बाटली उचलून पाहिली. "अरे, नवकांती! अन् पत्र्याचं झाकन! कंपनीनं हे सत्तर सालीच बंद केलं. आता प्लास्टिकचं येते, हिरवं लेबल. हे पाहा."

"वच्छलाबाई येतात का इकडं?"

"दर थंडीत. समद्या बाटल्या हातात घेते, लेबलं वाचते, अन् ठेवून देते. मने, माही येते मुंबईहून." प्रेमसिंगचा आवाज खाली आला. "यंदा दोन डाव आली. गाल पार फुटून गेले होते. मी मनलं, बाई, नवकांतीच हाये, घ्या. तं डोये भरून आले तिचे. घेतली नाई."

बाहेर आल्यावर दौलतराव म्हणाले, "ध्यानात आलं. गडी कारखान्यातला, जुना माल फुकटात भेटते. बायकोकडून शिवून धाडते!"

"चोरून धाडाच्या पार्सलाले कोन आपल्या बायकोले शिवाले लावते, दौलतराव?" मारोतराव म्हणाले. त्यावर दौलतरावांनी बराच वेळ डोकं खाजवलं.

गोजराबाई गवई गावाच्या कडेला एका खोलीत राहत. सत्तरीच्या, काटक. खाटेवर चार-पाच गोधड्यांची चळत होती. लोकांच्या गोधड्या शिवूनच त्यांचं पोट भरे.

"आजी, मी ग्यानबाचा पत्ता काढून राह्यलो," मारोतराव म्हणाले. "वच्छलाबाईनं काम देल्लं."

गोजराबाईंचा हात सुईवर थांबला. त्यांनी विचारलं, "वच्छला आता रविवारची येनार नाई का, बापू?"

"ते मले मालूम नाई. मुंबईत तो कुठं राह्यते? ह्या कागदावर लिवून द्या."

"मले कुठं लिवता येते? तिकडं दादरलेच भेटत होता तो. यंदा माह्यानं जानं झालं नाई."

दौलतराव तोवर एका गोधडीचा भाव करत होते. थंडी होती, आणि गोधडी सुरेख होती. मारोतरावांनी त्या गोधडीची कड उलटून पाहिली, खाली ठेवली आणि निघाले.

शनिवारी दुपारी त्यांनी वच्छलेला बोलावलं आणि तिघं म्हातारीच्या खोलीत आले. गोजराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मारोतरावांना पाहून त्यांनी हातातली सुई गोधडीत खोचून ठेवली.

"वच्छलाबाई," मारोतराव म्हणाले, "मी जे सांगतो ते आयका, मंग माह्यावर राग काढा. पयली बाटली ग्यानबानं धाडली. बाकीच्या आठ दुसऱ्यानं."

"कशावरून?"

"ग्यानबाले लिवता येत होतं. लिवता येनारा मानूस आठ वर्षं आठ परक्या लोकाइकडून पत्ता लिवून घेत नाई. धाडनाऱ्याले अक्षरओळख नाई. पोस्टाच्या दारात जो भेटला त्याच्याकडून लिवून घेतलं. ही एक गोष्ट."

मारोतरावांनी दुसरं बोट पुढे केलं.

"दुसरी, बाटल्या. नऊच्या नऊ पत्र्याच्या झाकनाच्या. कंपनीनं झाकन बदललं सत्तरले. मंजे पंच्याहत्तरची बाटलीबी सत्तरच्या आधीची. तुमची मागल्या सालची बाटली पिवळी पडली होती, खवट झाली होती. कारखान्यातला मानूस ताजं सोडून शिळं काहून धाडन? तो नवं आनू शकत नव्हता. अडुसष्टच्या आसपास जमा केलेला साठा होता, त्यातून कोनी एकेक काढून राह्यलं होतं."

"तिसरी, तारीख. सहा नाई तं सात डिसेंबर, दादर. मंजे धाडनारा दादरले राह्यत नाई, त्या दिवशी तिथं जाते. यंदा बाटली नाई. यंदा या गावातून दरसाल जानारं कोन गेलं नाई?"

दौलतरावांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी झटकन खाटेवरच्या गोधडीची कड उलटली. बारीक, एकसारखा टाका. गाठ कुठंच नव्हती. गोधडीत गाठ ठेवली तर अंगाला रुतते, म्हणून गोधडीवाल्या बाया दोऱ्याचं टोक आत दडवतात. तीस वर्षं मशीन चालवून त्यांना हे सुचलं नव्हतं.

"अन् येक गोष्ट राह्यली," मारोतराव हळू म्हणाले. "आजी, तुमच्या पोराले शोधतो, असं मी मनलं. तो कसा असन, कवा सापडन, काईच तुमी विचारलं नाई. वच्छला येईन का, येवढंच विचारलं."

वच्छलेनं गोजराबाईंकडे पाहिलं आणि तिला कळून चुकलं. आठ वर्षं जे मनात येऊ दिलं नव्हतं ते समोर येऊन बसलं होतं.

"कवा, मावशी?"

"अडुसष्टचा नवंबर," गोजराबाई म्हणाल्या. "कावीळ झाली. मी सहा डिसेंबरले गेली, तवा त्याच्या खोलीतल्या सोबत्यानं सांगतलं. पंधरा दिवस होऊन गेलते. तार केली मने, मले भेटली नाई. पेटीत नऊ बाटल्या होत्या. वच्छलेसाठी जमा केल्या, असं तो पोरगा मनला. मी तिथूनच येक पोस्टात टाकली. वाटलं, त्याचं राह्यलेलं येवढं तं करावं. घरी गेली की सांगाचंच होतं तुले. सारी वाट तेच घोकत आली."

"मंग?"

"तू दारात उभी होती. मनली, मावशी, भेटला का? अन् माह्या तोंडून हो निघालं." गोजराबाईंनी पदर तोंडाला लावला. "मंग तू दर रविवारी येत गेली. वाटलं, सांगतलं तं तू कायले येशीन? तू माही कोन लागत होती? अन् यंदा येकच बाटली उरली. ती धाडली असती तं माह्यापाशी त्याचं काईच राह्यलं नसतं."

वच्छला उभी राहिली. तिचा आवाज चढला.

"आठ वर्षं मी त्याच्यासाठी रडली नाई! तो गेला तवा मी गजरा माळून शाळेत जात होती. पोरी हसत होत्या, मी हसत होती. माहं रडनं तू दाबून ठेवलं, मावशी. ते आता कवा रडू मी?"

मारोतरावांनी दौलतरावांच्या दंडाला धरून त्यांना दाराकडे वळवलं. आपण शोधून काढलं ते बरं केलं की वाईट, हे त्यांना स्वतःलाच ठरवता येईना. उंबरठ्यावर दौलतराव थांबले, म्हणून तेही थांबले.

आत वच्छला खाली बसली होती.

"उद्या पाहुने येतीन," ती म्हणाली. "येऊ दे. त्याइले मी सारं सांगीन, मंग त्याइचं ते पाहतीन. पन तुले वाटलं, मी नुसती त्याच्यासाठी येत होती?"

"मंग कायले येत होती, बाई?"

"पयले त्याच्यासाठीच. मंग कवा तुह्यासाठी येत गेली, माहं मलेच समजलं नाई." तिनं म्हातारीचा हात ओढून मांडीवर घेतला. "सांगतलं असतं तं मी आली असती, मावशी. तरीबी दर रविवारी आली असती."

गोजराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडून मुलाचं नाव बाहेर पडलं आणि त्या मोठ्यानं रडू लागल्या. आठ वर्षांत त्यांनाही त्याच्यासाठी रडता आलं नव्हतं.