तोंडातलं प्यादं

रहिमतपूर नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर सोपान जगदाळे याला जगातल्या निम्म्या गोष्टींची किळस यायची आणि उरलेल्या निम्म्यांचा संशय. हॉटेलात तो चहा पीत नसे. लग्नात पंगतीला बसलाच तर पत्रावळ दोनदा पुसून घेई. बोलताना कुणाची थुंकी उडाली की घरी येऊन साबणानं तोंड खसाखसा धुई. बायको चंद्राबाई म्हणायची, "देवानं तुमाला नाक दिलंय का शिक्षा दिलीया?" सोपानला यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही, कारण त्या नाकावरच त्याचं घर चालत होतं.

अशा माणसाला सांगलीच्या बुद्धिबळ स्पर्धेत लागोपाठ दोन वर्षं पहिल्याच फेरीत घरी पाठवलं ते आकारामानं. आकाराम हळदीच्या पेठेत तोलाईदार होता, पोती काट्यावर चढवून वजन सांगणारा. बोटं पिवळी, गालात तंबाखूची गोळी, आणि मोहरं उचलण्याआधी अंगठा जिभेला लावायची सवय. पेठेत रुमालाखाली बोटं दाबून सौदे होतात. तिथंच उभा जन्म गेल्यामुळं त्याच्या चेहऱ्यावर कधी काही उमटायचं नाही. हरल्याचं दुःख सोपानला होतंच, पण ती ओली मोहरी आपल्याला हातात घ्यावी लागली याचं जास्त होतं. १९७३च्या मे महिन्यात या माणसाला हरवायचं, तेही स्वतःच्या डोक्यानं, नाहीतर पट कायमचा माळ्यावर टाकायचा, असं त्यानं चंद्राबाईला शपथेवर सांगून टाकलं.

त्याची खोट एकच होती. खेळी सुचली की हात आधी जायचा, डोकं मागून यायचं. आणि मोहऱ्याला हात लागला की तेच हलवायचं, असा नियम.

मार्चमध्ये ब्लीचिंग पावडरच्या कामासाठी तो सांगलीला गेला, तेव्हा जुन्या बाजारात एका गोणपाटावर त्याला लाकडी मोहऱ्यांची पेटी दिसली. आत एक वही होती. "हरिपुरातल्या एका घरातनं आलंय. वापरणारं गेलं," एवढंच विकणारा बोलला. वहीवर नाव नव्हतं. पहिल्या पानावर लिहिलेलं होतं, 'चाळीस दिवसांचा अभ्यास'.

अभ्यास मात्र चोख होता. पहाटे पाच ते सहा राजा आणि प्याद्यांचे शेवट. मग अर्धा तास डोळे मिटून घोडा पटाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचा, घरं मोठ्यानं म्हणत. त्यानंतर पुस्तकातला एखादा नामांकित डाव घ्यायचा, पुढच्या खेळ्या पोस्टकार्डानं झाकायच्या आणि वीस खेळ्या ओळखायच्या. संध्याकाळी आपल्या चुका लिहायच्या आणि प्रत्येक चुकीचं कारण एका शब्दात. सोपानला ही शिस्त मनापासून आवडली. फक्त प्रत्येक पानाच्या तळाला एकच ओळ होती : 'हात शिवशिवला की प्यादे तोंडात धरावे. खेळी ठरेपर्यंत काढू नये.'

"शी!" सोपान म्हणाला आणि ती ओळ त्यानं चाळीस पानांवर लाल पेन्सिलीनं खोडली. मोहरी फिनेलच्या पाण्यानं धुऊन दोन दिवस उन्हात वाळवली. एक एप्रिलला अभ्यास सुरू झाला.

पहिला आठवडाभर चुकीच्या कारणापुढं रोज एकच शब्द पडत होता, 'घाई'. विसातल्या सहा खेळ्या बरोबर यायच्या, फार तर सात.

पाचव्या दिवशी पेटी उघडली तर एक काळं प्यादं ओलं होतं.

एप्रिलचं ऊन असं की दारात वाळत टाकलेला ओला टॉवेल आंघोळ होईस्तोवर कडक व्हायचा. सोपाननं पेटी पुसली, कुठून पाणी झिरपतंय का पाहिलं, कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन प्यादी ओली निघाली. त्यानं नाकाशी धरून पाहिली आणि चटकन लांब केली. गटार, खाटीकखाना, कुजकं धान्य, सगळ्या वासांशी त्याची ओळख होती. हा वास माणसाच्या तोंडाचा होता, सकाळच्या न धुतलेल्या तोंडाचा.

बाराव्या दिवशीही सहाच खेळ्या आल्या. मे तोंडावर आला होता. सोपान मोरीत गेला, एक प्यादं साबणानं तीनदा धुतलं, डोळे मिटले आणि तोंडात टाकलं. लगेच थुंकून टाकावंसं वाटलं. पण हात मांडीवरच राहिला. त्या दिवशी सतरा खेळ्या बरोबर आल्या.

त्यात अक्कल न चालण्यासारखं काही नव्हतं. तोंड गुंतलं की हात थांबतो, त्यानं स्वतःला समजावलं. प्याद्याला हळदीची कडवट चव होती. लाकूड हरिपूरचं, आणि तिथं तर जमिनीखाली हळद साठवतात.

अठराव्या दिवशी प्याद्याला सुकटीची चव आली. लसूण घातलेल्या सुकटीची. जगदाळ्यांच्या घरात सुकट कधी शिजली नव्हती. दुसऱ्या दिवशी पिठल्याची, तिसऱ्या दिवशी आंबील आणि कांद्याची. शिळी चव नव्हती ती. कुणीतरी नुकतंच जेवून उठलं होतं.

सोपान परसात जाऊन ओकला. मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्या, जीभ राखेनं घासली, आणि परत येऊन पटासमोर बसला. आपलीच आपल्याला किळस येत होती. तरी त्यानं प्यादं तोंडात घातलं. त्या दिवशी एकोणीस खेळ्या आल्या.

पुढं जेवणाच्या चवी कमी झाल्या. औषधाची आली. मग पेजेची, मग नुसत्या पाण्याची. तिसाव्या दिवसानंतर पू आणि गंजलेलं लोखंड.

"आवं, तुमच्या तोंडाला लय घाण वास येतोय," चंद्राबाई पदर नाकाला लावून म्हणाली. "दवाखान्यात जावा बगू."

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. दात खणखणीत, हिरड्या गुलाबी. "काही नाही," ते म्हणाले, पण बोलताना त्यांनी खुर्ची मागं सरकवली.

अडतिसाव्या दिवशी प्याद्यावरून काहीतरी सुटून जिभेवर आलं. सोपाननं ते तळहातावर घेतलं. तुरीच्या डाळीएवढं, मऊ, मांसाच्या रंगाचं.

त्यानं ते परसात खड्डा काढून ब्लीचिंग पावडरीखाली पुरलं. वही बंबात घातली, मोहरीही घातली. जे शिकायचं ते शिकून झालं होतं. आता डाव स्वतःच्या डोक्यानं खेळायचा, तोंडात काही घालायचं नाही. तसं त्यानं ठरवलं तेव्हा त्याला दीड महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

सांगलीत स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. चिठ्ठ्या निघाल्या आणि पहिल्याच फेरीत आकाराम आला.

"या साहेब," आकाराम म्हणाला. "औंदा तरी टिकायचं बगा."

मोहरी कार्यालयाची होती, नवी, पॉलिशच्या वासाची. आकारामानं अंगठा जिभेला लावला आणि प्यादं सरकवलं. सोपाननं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मधूनमधून तो तोंडात जीभ फिरवून पाही. आत फक्त आपले दात होते.

पंधराव्या खेळीला आकारामानं हत्ती फुकट देऊ केला. गेल्या वर्षी सोपाननं झडप घातली असती. आता त्यानं घोडा एक घर मागं घेतला. का घेतला हे सांगता आलं नसतं, पण खेळी अचूक होती.

आकारामाचा अंगठा जिभेपाशी थांबला.

एकतिसाव्या खेळीला त्यानं हार मानून आपला राजा आडवा केला.

सोपानचे डोळे भरून आले. हे माझं, त्याला वाटलं. तोंडात काही नसताना, माझ्या डोक्यानं.

आकाराम पटाकडं बघत नव्हता. "त्यो घोडा मागं घ्यायला तुमाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"आमच्या पेठंत एकच माणूस तशी खेळी करायचा. हरिपूरचे नाथाजीआबा. हळद तोंडात धरून पारखायचे. प्यादंबी तसंच धरायचे. आन् खेळायच्या आदी थुंकी गिळायचे. तुमी आत्ता दर टायमाला गिळत व्हता, साहेब."

"माझ्या तोंडात काहीही नाही." सोपान चिडला होता. "हे बघा."

त्यानं तोंड उघडलं.

आकाराम वाकला. त्यानं बराच वेळ आत पाहिलं. त्या चेहऱ्यावर कधी काही उमटत नसे, आज उमटलं. त्यानं गालातली तंबाखू काढून खिडकीबाहेर टाकली.

"शेवटचं म्हैनाभर आबांचं सडलेलं तोंड मीच धुवायचो," तो हळू म्हणाला. "वासानं घरातलं कोण जवळ येत न्हवतं."

"मग?"

"हे तोंड मी वळखतो."

सोपान किळस येण्याची वाट पाहत राहिला. आत्ता ती यायलाच हवी होती. आली नाही.

आकारामानं तांब्यातलं पाणी खांद्यावरच्या कळकट, घामट पंच्याच्या टोकावर ओतलं आणि ते टोक पिवळ्या बोटाला गुंडाळलं. हाताला सवय दिसत होती.

"आ करा, आबा," तो म्हणाला.

सोपाननं आ केला.