उजव्या बुटाची शिवण

ही रचलेली गोष्ट नाही. माझ्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे. खोटं म्हणालात, तर ती आजही भांडायला उठेल.

बुटांच्या कारखान्याचा वरचा मजला. भर दुपार. सगळे जेवायला खाली गेले होते.

मावशी एकटीच मागे राहिली. तिला तो पाय लावून बघायचा होता.

सुईजवळ चामडं दाबून धरतो, तो मशीनचा पाय. हा खास होता. नखाएवढा अरुंद, टोकाला इवलंसं चाक. बुटाच्या नाकाचं अवघड वळणही त्याच्याखाली अलगद फिरायचं. तो होता मावशीच्या थोरल्या जावेचा. जिवंत होती तोवर तिने त्याला कुणाला हात लावू दिला नाही.

"तुला नाही जमायचं गं," एवढंच म्हणायची.

मुकादमही उठता बसता कौतुक करायचा ते तिचंच. मावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग जाऊ तापाने गेली. मावशी घरी ढसाढसा रडली. पण कामावर परतली त्याच दुपारी तिने जावेच्या मशीनचा तो पाय काढला आणि आपल्या मशीनला लावला.

डावा बूट घेतला. पेडल दाबलं.

मशीन चाललं… पण आवाजच आला नाही.

सुई वरखाली होत होती. शिवण सरळ पडत होती. आवाज येत होता तो मागून… कोपऱ्यातून… कापडाने झाकलेल्या जावेच्या मशीनचा.

खट्. खट्. खट्.

मावशीने पेडलवरून आपला पाय उचलला.

तो आवाज थांबला नाही.

मान वळवायची हिंमत होईना. शेवटी भीतीआधी रागच तोंडातून बाहेर पडला.

"जाऊबाई, आता तरी सोडा की! गेलात ना?"

एकदम शांत…

आणि मागे खुर्ची सरकली.

तेवढ्यात मुकादम जिना चढून आला. टेबलावरचा बूट उचलून म्हणाला, "वा! काय हात आहे!"

मावशीचा चेहरा उजळला. "मीच शिवलाय."

"तुझा डावा ठीकच आहे गं. हा उजवा बघ."

उजव्याला तिने अजून हातही लावला नव्हता.

तो शिवून तयार होता… दोऱ्याचं टोक अजून हलत होतं.

मावशीने तो पाय होता तिथे परत बसवला आणि काम सोडलं. तो जोड मात्र विकत घेऊन घरी आणला. घालत नाही कधी. अधूनमधून खिडकीच्या उजेडात दोन्ही बूट धरते आणि मला विचारते, "खरं सांग, तिची शिवण जास्त बारीक आहे का रे?"

मी नाही म्हणतो.

परवा तिने पुन्हा जोड काढला. डाव्या बुटाची शिवण उसवून नव्याने घातलेली होती.

"मावशी, हे तू केलंस?"

"मी कशाला माझी शिवण उसवू?" ती फणकारली. मग हातातल्या बुटाकडे बघतच राहिली…

नवी शिवण खरंच जास्त सुबक होती.

ते मी तिला सांगितलं नाही.