एका मताची गैरहजेरी

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा अपक्ष आमदार घामाने निथळत भिंतीला टेकले होते. चाळीस मिनिटं दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेले. फोन नियमाप्रमाणे फाटकावर जमा. हाका मारून मारून घसा बसला होता.

तेवढ्या वेळात सभागृहात विधेयक पडलं. सदस्यांनी दरवर्षी आपली मालमत्ता जाहीर करावी, असं ते विधेयक. पडलं ते एका मताने; आमदारांनी तर त्याच्या बाजूने मत देणार असं आधीच जाहीर केलं होतं.

समोर निवृत्त मास्तरीणबाई उभ्या होत्या. मतदारसंघातून दर बैठकीला यायचं आणि आमदारांची हजेरी नि मतं वहीत टिपायची, हा त्यांचा नेम. आजही जिना चढून, धापा टाकत त्या वर सज्जात जाऊन बसल्या होत्या. मतदानाच्या फलकावर हिरवे-तांबडे दिवे भराभर लागले, आमदारांचा तेवढा लागला नाही.

"बाई, लोक म्हणणार, मी विकला गेलो," आमदार म्हणाले. "लिफ्टमधून सुटलो. यातून कसा सुटू?"

संध्याकाळी बाई त्यांच्या घरी गेल्या. आमदारांचं कार्यालय सांभाळणारा मेहुणा बाईंचाच जुना विद्यार्थी. त्याची बहीण, म्हणजे आमदारांची बायको, शेजारी बसली होती; आमदार समोरच्या खुर्चीत होते.

"तुझे दाजी रोज जिन्याने जातात. आज लिफ्ट का?"

"जिना नुकताच धुतला होता, बाई. घसरतील म्हणून मीच सांगितलं."

"आणि लिफ्ट बंद कशाने पडली?"

"सगळ्या इमारतीची वीज गेली होती."

"मतदान चाललं होतं तेव्हाही?"

"तेव्हाही. त्याला मी काय करणार?"

बाईंनी वही उघडली.

"यांच्या पाच मिनिटं आधी मी त्याच जिन्याने चढले. पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या. वीज नव्हती, तर मतदानाचे दिवे लागले कसे? वीज फक्त लिफ्टची तोडली होती. ज्याने यांना खोटं सांगून लिफ्टमध्ये घातलं, त्यानेच खटका पाडला."

मेहुण्याने मान खाली घातली.

"का रे?" बहिणीने विचारलं.

"बारा वर्षं यांची बॅग उचलतोय, ताई. विधेयक पाडणाऱ्या पक्षाचे लोक पुढच्या निवडणुकीचं तिकीट मला देतो म्हणाले. आता माझा फोनसुद्धा घेत नाहीत."

आमदारांनी डोळे मिटले. "बोललो तर घर फुटतं. नाही बोललो तर मी फुटलो म्हणतील."

त्यांची बायको उठली. पायात चपला सरकवून ती दारात उभी राहिली.

"ऊठ," ती भावाला म्हणाली. "चौकीत तू स्वतःच्या तोंडाने सांगायचंस. मी सोबत येते."

तो उठला. दाजींच्या पुढ्यातून जाताना मात्र त्याला वर बघवेना.