पुढचं मॉडेल

पहिल्यांदा तो दुकानात आला तेव्हा मला त्याचा चेहराच दिसला नाही. डोळ्यांना पुठ्ठ्याचा डबा लावून महाराज दारात उभे, मागून कुणाचा तरी धक्का लागला आणि स्वारी थेट आमच्या गॉगलच्या स्टँडवर. बारा गॉगल खाली!

"अहो, डोळे कुठे ठेवलेत?" मी ओरडले.

डबा खाली आला. मागे दोन भेदरलेले डोळे. "तेच दाखवायला आलो होतो... ह्याच्यात सगळं पुसट दिसतं. चष्मा घातला तर डबा बसत नाही, आणि डबा लावला तर चष्मा."

मला हसू आवरेना. मी तेव्हा एकवीसची. नाशकात रविवार कारंजाजवळ पप्पांचं चष्म्यांचं दुकान आहे. पप्पा आत काचा घासतात, मी पुढे डोळे तपासते. हा गोरक्ष. सटाण्याचा, अंबडला एका कंपनीत सर्किटं तपासायचा. चौघांत मिळून एक खोली, एक टीव्ही, आणि त्यावर कायम क्रिकेट. म्हणून ह्याला स्वतःचा पडदा हवा होता. डब्यात मोबाईल सरकवला की थिएटरएवढं दिसतं म्हणे, फक्त आपल्याला!

"काच कापून बसवून देते. पण आधी माप घ्यावं लागेल," मी म्हटलं. "दोन बुबुळांमधलं अंतर. हलू नका. माझ्या डाव्या डोळ्यात बघा."

त्याने बघितलं. मी पट्टी धरली, एक डोळा मिटला... आणि आकडा वाचायचाच विसरले. परत घेतलं. चौसष्ट मिलिमीटर.

"झालं?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. झालं होतं खरं तर.

दुसऱ्या वर्षी तो प्लॅस्टिकचा डबा घेऊन आला, डोक्याला बांधायचे पट्टे असलेला. त्यात मोबाईल असा तापायचा की अर्ध्या सिनेमात कपाळ भाजायचं. पुन्हा काचा, पुन्हा माप. मोठ्या माणसाचं हे अंतर बदलत नाही. मला ते माहीत होतं. त्यालाही माहीत असावं, कारण तो पट्टीकडे चुकूनही बघायचा नाही.

"हे पण जमलं नाही बघा," तो जाताना म्हणायचा. "पुढचं मॉडेल चांगलं येणारे."

मी आहे उतावळ्या स्वभावाची. चहा गार व्हायची वाट मी बघत नाही, जीभ भाजून घेते. आणि माझ्या नशिबी हा माणूस! वर्षा-दोन वर्षांनी एक डबा, मध्ये कधीतरी 'काचेला चरा पडला' असला एखादा बहाणा, आणि मग काही नाही. मी दाराकडे बघत पेन टकटक करत बसायची. पप्पा आतून ओरडायचे, "स्नेहल, ते पेन ठेव बाई!"

लॉकडाऊन संपल्यावर त्याने तिसरा आणला. ह्याच्यात मोबाईलच नको, पडदा आतच. पण वजन केवढं! काढला की गालांवर लाल वळ. काचा बसवून मी म्हटलं, "बसा आणि बघून सांगा."

डोळे झाकले, कानात आवाज सुरू झाला. आणि एरवी शब्द मोजून बोलणारा हा माणूस मोठमोठ्याने बोलायला लागला!

"स्नेहल, तू आज पिवळी ओढणी घेतलीय ना? लय भारी दिसते."

तू! मी खांबासारखी उभी. आत पप्पांचं घासायचं मशीन थांबलं. बाकावर बसलेल्या मावशी माझ्या ओढणीकडे बघायला लागल्या.

मग डबा निघाला, चष्मा चढला. समोर मी. साहेबांनी घसा खाकरला. "मॅडम... डावीकडे जरा पुसट आहे."

मॅडम! असा राग आला ना, वाटलं तो डबा परत त्याच्या डोक्यावर आदळावा.

आणि मग ह्या वर्षी पुण्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला, नावं ठेवायला जागा नाही. त्यांचा होकार आला, माझं उत्तर रविवारपर्यंत द्यायचं होतं. पप्पा नुसते चष्म्यावरून बघत होते. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दोन गिऱ्हाइकांच्या काचा मी उलट्या बसवल्या. रात्री ठरवायचं की हो म्हणून टाकू, आणि सकाळी दाराकडे डोळे.

शनिवारी दुपारी गोरक्ष आला. महिन्यापूर्वी तो टाकून गेलेल्या नवीन मॉडेलच्या काचा तयार होत्या. आता डबा वगैरे नाही, साधा गॉगल, एक वायर मोबाईलला. सात वर्षांत एवढंसं झालं होतं ते. मी काचा बसवल्या, त्याने घातला.

"दिसतंय?"

"एकदम क्लिअर."

"मी?"

"तुम्ही पण दिसता... ह्याच्यातून आरपार दिसतं."

"मग नीट ऐका. पुण्याचं स्थळ आहे. उद्या माझं उत्तर जायचंय."

त्याचा चेहरा पडला. आणि म्हणतो काय, "पुढच्या वर्षी... ह्यापेक्षा हलकं येणारे म्हणे."

झालं! माझा पारा चढला. "सात वर्षं तुमचं पुढचंच मॉडेल चाललंय! मी काय दुकानातला माल आहे, कधीही या आणि घेऊन जा?"

त्या गॉगलच्या काडीवर एक बटण होतं, काचा काळ्या करायचं. मी हात पुढे करून ते दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. काचा मिट्ट काळ्या.

"स्नेहल?"

"बोल."

"जाऊ नको ना पुण्याला..." काळ्या काचा माझ्या दिशेला वळल्या. "मी दिवसभर सर्किटांतल्या चुका शोधतो. तीच सवय लागली. वाटतं, अजून थोडा पगार, स्वतःची खोली, मग विचारू. पण माझ्यातल्या चुका संपतच नाहीत. माले तू भलती आवडस, स्नेहल. पहिल्या दिवसापासून."

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण राग काही उतरेना.

"काढ तो गॉगल. अंधारात बसून मला मागणी घालायची नाही."

त्याने काढला. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला, पेपर कोरा दिल्यासारखा. "आता तर तू दिसतच नाहीस... सगळं धूसर."

त्याचा नंबर उणे सहा. एवढ्या नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय वीतभर अंतरावरचंच स्पष्ट दिसतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मी स्टूल ओढलं आणि बरोबर वीतभर अंतरावर जाऊन बसले. त्याचा श्वास गालाला लागत होता.

"आता?"

"आता दिसतेस." नजर खाली गेली, पुन्हा वर आली. तिथेच राहिली. "माझ्याशी लग्न करशील? आहे हे असंच आहे मी. ह्याच्यापेक्षा चांगला होईनच असं काही नाही."

"करीन," मी म्हटलं. "आणि चांगला होऊ नकोस. वेळ जातो."

मग मी मागे वळून ओरडले, "पप्पा, पुण्याला नाही म्हणून कळवा!"

आत घासायचं मशीन थांबलं.

"बरं," पप्पा म्हणाले. "मग सटाण्याला कधी निघायचं?"